अस्सल आणि नक्कल : फोनमधील चलच्चित्राचा प्रवास

श्रोतेहो, जुन्या मराठी दफ्तरांत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन शब्द पदोपदीं भेटतात. मूळ कागद तो अस्सल आणि त्यावरून उतरून घेतलेली ती नक्कल. वतनाचा तंटा असो वा देण्याघेण्याचा, अस्सलास जें वजन असे तें नकलेस नसे. ह्याच दोन शब्दांचा आधार घेऊन आज मी एका अगदीं नव्या वस्तूचा इतिहास सांगणार आहें. ती वस्तु म्हणजे आपल्या खिशांतल्या फोननें घेतलेलें चलच्चित्र. घरोघरीं ज्याला ‘व्हिडिओ’ म्हणतात तें.

आपली समजूत अशी असते कीं, मुलीनें नागपुराहून धाडलेला व्हिडिओ पुण्यास आईच्या फोनवर दिसला, म्हणजे टपालांतून पत्र यावें तशी तीच वस्तु तेथून येथें आली. वस्तुतः तसें बहुधा घडत नाहीं. पत्र जातें तें अस्सलच जातें. व्हिडिओ जातो त्याची मात्र वाटेंत नवी नक्कल लिहिली जाते आणि पलीकडे पोंचते ती ही नक्कल. हा फेरफार कां करावा लागतो, त्याची विद्या कशी वाढली, आणि त्यापायीं आपल्या हातून काय निसटतें, हें क्रमानें पाहूं.

प्रथम थोडें गणित करूं. हल्लींच्या साधारण फोनांत चित्राची एक चौकट १९२० बिंदु रुंद व १०८० बिंदु उंच अशी घेतात. गुणाकार केला म्हणजे एका चौकटींत २०,७३,६०० बिंदु होतात. प्रत्येक बिंदूचा रंग लिहावयास तीन बाइट लागतात असें धरलें, तर एक चौकट सुमारें बासष्ट लाख बाइटांची झाली. हालचाल अखंड भासावी म्हणून सेकंदाला अशा ३० चौकटी घेतल्या, तर सेकंदाला साडेअठरा कोटि आणि मिनिटाला १,१०० कोटि बाइटांहून अधिक लिखाण होतें! प्रत्यक्षांत मिनिटभराचें चित्र फोन बहुधा दहा-बारा कोटि बाइटांत बसवितो. शंभर पानांचा मजकूर एका पानावर आणावा तसेंच हें आहे. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणतों, तोहि मुळांत एक सारांशच असतो. फरक इतकाच कीं, तो प्रत्यक्ष घटनेसमोर बसून केलेला पहिला सारांश असतो.

ह्या सारांशविद्येचा पाया १९४८ सालीं घातला गेला. अमेरिकेंतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत काम करणारे क्लॉड शॅनन ह्यांनीं त्या वर्षीं संदेशवहनाच्या गणिती उपपत्तीवर एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्याहि संदेशांत खरी माहिती किती व पुनरुक्ति किती, हें मोजण्याचें माप त्यांनीं दिलें. पुनरुक्ति काढून टाकली तर संदेश लहान होतो, आणि तरीहि पलीकडच्या माणसाला तो काना-मात्रेच्या फरकाशिवाय पुन्हां उभा करतां येतो. पुढें डेव्हिड हफमन नांवाच्या विद्यार्थ्यानें ह्या विद्येंत मोलाची भर घातली. त्याचे प्राध्यापक रॉबर्ट फॅनो ह्यांनीं वर्गाला अंतिम परीक्षेऐवजीं निबंध लिहिण्याची मुभा दिली होती. नेहमीं येणाऱ्या चिन्हांना आंखूड व क्वचित् येणाऱ्यांना लांब संकेत देण्याची सर्वांत काटकसरीची रीत हफमननें त्या निमित्तानें शोधून काढली. १९५२ सालीं ती प्रसिद्ध झाली आणि फोटोंच्या फाइलींतून आजहि राबते आहे. परीक्षा टाळण्याच्या इच्छेंतून इतकें उत्तम फळ निघाल्याचें दुसरें उदाहरण माझ्या सबंध मास्तरकींत मला आढळलें नाहीं.

ही निर्दोष काटकसर झाली. तींत कांहीं हरवत नाहीं. परंतु तेवढ्यावर शंभर पानांचें एक पान होत नाहीं. त्यासाठीं दुसरा, अधिक धाडसाचा मार्ग धरावा लागतो. तो असा कीं, माणसाच्या डोळ्याला जें नीट दिसतच नाहीं तें लिहावयाचेंच नाहीं. येथें नुकसान आहे, पण तें जाणूनबुजून पत्करलेलें आहे. ह्या मार्गावर तीन युक्त्या मुख्य आहेत.

पहिली युक्ति रंगाची. आपला डोळा उजेड-अंधाराचे बारकावे जितके टिपतो तितके रंगाचे टिपत नाहीं. १९३८ सालीं फ्रान्समधील जॉर्ज व्हालेन्सी ह्यांनीं दूरचित्रवाणीसाठीं उजेड आणि रंग हे वेगवेगळे पाठविण्याच्या योजनेचें पेटंट घेतलें. दोन्ही निराळे काढले म्हणजे उजेड सविस्तर व रंग थोडक्यांत लिहितां येतो. आजच्या फोनच्या नेहमींच्या व्हिडिओंत चार शेजारी बिंदूंचा उजेड चार वेळां लिहिलेला असतो, पण रंग चौघांत मिळून एकदांच!

दुसरी युक्ति फरकाची. १९२९ सालीं रे केल ह्यांनीं ब्रिटिश पेटंटांत असें सुचविलें होतें कीं, प्रत्येक चौकट पुरी न पाठवितां मागल्या चौकटीहून जेवढा बदल झाला तेवढाच पाठवावा. वर्गांत हजेरी घेणारा अनुभवी शिक्षक काय करतो? पन्नास नांवें रोज नव्यानें उच्चारण्यापेक्षां तो रिकाम्या जागा पाहतो आणि ‘कालच्याप्रमाणें, दोन गैरहजर’ एवढेंच टिपतो. व्हिडिओचेंहि तेंच. बोलणाऱ्या माणसामागची भिंत हलत नाहीं. मग ती सेकंदाला तीस वेळां कशाला लिहावी? मधूनमधून एक चौकट पुरी लिहावयाची आणि तिच्यामागून नुसते फरक. म्हणूनच शांत बसलेल्या आजीचा व्हिडिओ थोड्या जागेंत चांगला उतरतो. पण पावसाच्या सरी, गुलालाची उधळण किंवा लेझिमाचा खेळ ह्यांत सर्वच हलत असल्यामुळें चित्र चौकोनाचौकोनांनीं फुटूं लागतें.

तिसरी युक्ति सर्वांत सूक्ष्म आहे, आणि तिचा जनक आपल्या देशांत जन्मलेला आहे. नासिर अहमद ह्यांचा जन्म १९४० सालीं बंगळुरास झाला. तेथें इंजिनिअरिंगचें शिक्षण पुरें करून ते अमेरिकेस गेले व कॅन्सस राज्याच्या विद्यापीठांत शिकवूं लागले. १९७२ सालीं त्यांनीं चित्रांच्या सारांशासाठीं त्रिकोणमितींतील ‘कोसाइन’ लहरींचा उपयोग करण्याची एक योजना मांडून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलें. तें मिळालें नाहीं. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा अभिप्राय पडला. अहमद ह्यांनीं तरीहि काम सोडलें नाहीं. टी. नटराजन व के. आर. राव ह्या सहकाऱ्यांसह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्यें प्रसिद्ध झाला. आज जगांतील बहुतेक सारे फोटो व व्हिडिओ ह्या ‘फारच साध्या’ कल्पनेवर किंवा तिच्यापासून निघालेल्या रीतींवर चालतात.

ती कल्पना अशी. चित्राचे आठ बिंदु रुंद व आठ बिंदु उंच असे लहान चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनांतील चौसष्ट बिंदु लिहिण्याऐवजीं, ज्या चौसष्ट लहरींच्या मिश्रणानें तो चौकोन बनेल त्यांचीं मापें लिहावयाचीं. बहुतेक आशय संथ लहरींत असतो. जलद लहरींत बारकावे असतात, म्हणजे केसांचा पोत, साडीवरची बारीक बुट्टी, गवताचीं पातीं. एवढ्यानें कांहीं हरवत नाहीं. मात्र ह्यापुढें मापें ढोबळ करतात. संथ लहरींचीं थोडीं आणि जलद लहरींचीं फार. कित्येक जलद लहरींचीं मापें त्यांत शून्यच होतात, आणि शून्यें लिहावयास जागा जवळजवळ लागत नाहीं. बारकावा जातो तो नेमका येथें, आणि एकदां गेलेला तो कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. नंतर यंत्र त्या जागीं कांहीं भरून काढील. पण तें अंदाजाचें असेल, साक्षीचें नव्हे.

ह्या तिन्ही युक्त्या एकत्र आणून सर्व जगानें पाळावे असे नियम ठरूं लागले. टेलिफोनच्या तारेवरून चित्र पाठविण्यासाठीं १९८८ सालीं एच.२६१ हा नियम झाला. त्याच वर्षीं एमपेग नांवाची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळी इटालियन इंजिनिअर लिओनार्दो कियारिल्योने ह्यांच्या पुढाकारानें जमली. तिच्या १९९३ च्या पहिल्या नियमावर व्हीसीडीच्या तबकड्या निघाल्या; त्या काळीं लग्न झालेल्या अनेक दांपत्यांच्या कपाटांत त्या अजून असतील. २००३ सालीं एच.२६४ आला व फोनच्या व्हिडिओचा तो पायाच ठरला. १० वर्षांनीं त्याचा अधिक काटकसरी वारस, एच.२६५, आला. ह्या नियमांत एक मार्मिक गोष्ट आहे. सारांश वाचावा कसा, हें ते अगदीं काटेकोर सांगतात. करावा कसा, हें मात्र करणाऱ्यावर सोडतात. म्हणूनच एकाच नियमानें केलेल्या दोन नकला सारख्या नसतात. एखादी कंपनी जागा वांचविते, एखादी वेळ वांचविते, आणि ह्या दोन्हींचा भार बारकाव्यांवर पडतो.

आतां आपला व्हिडिओ फोनमधून निघतो तेव्हां काय होतें? यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला तो २३ एप्रिल २००५ रोजीं. तो अवघा १९ सेकंदांचा होता. तेव्हांपासून अशा सर्वच सेवांपुढें एक प्रश्न उभा आहे. येणारे व्हिडिओ नाना तऱ्हांचे, पाहणाऱ्यांचे फोन नाना तऱ्हांचे, आणि तारेचा वेगहि सर्वांचा सारखा नाहीं. म्हणून आलेला व्हिडिओ उलगडून त्याच्या लहानमोठ्या अनेक नकला नव्यानें लिहिल्या जातात, आणि पाहणाऱ्याच्या वेगाप्रमाणें त्यांपैकीं योग्य ती पुरविली जाते. व्हॉट्सॲपसारख्या निरोपांच्या सेवांत तर फोनच्या बाहेर पडण्यापूर्वींच चित्र लहान करण्यांत येतें. तेथें चित्र म्हणून धाडावयाच्या व्हिडिओला कित्येक वर्षें १६ मेगाबाइटांची मर्यादा होती. फोनमधला मिनिटाचा व्हिडिओ शंभर मेगाबाइटांचा, आणि दरवाजा सोळांचा! तेव्हां चौकटी लहान होतात, मापें आणखी ढोबळ होतात, आवाजाचेहि पदर कमी होतात.

येथें एक शंका निघेल. पहिला सारांश फोननें केलाच होता. दुसऱ्यानें थोडासा आणखी केला, तर एवढें काय बिघडलें? ह्याला उत्तर आंकड्यांनीं देतों. मूळ माप ५४ आहे असें समजा. एकानें तें दहाच्या पटींत ढोबळ केलें; झालें ५०. दुसऱ्यानें त्याच ५० चें बाराच्या पटींत जवळचें माप घेतलें, झालें ४८. तिसऱ्यानें वीसच्या पटींत घेतलें; झालें ४०. आतां मूळ ५४ एकदमच वीसच्या पटींत घेतलें असतें, तर ६० आलें असतें, चूक सहाची. पायरीपायरीनें गेल्यामुळें ती चौदाची झाली, आणि तीहि उलट्या दिशेला! प्रत्येकानें आपल्यापुरतें गणित बरोबर केलें. तरी शेवटचें उत्तर पहिल्यानें बिघडलें. पूर्वीं चित्रफितीवरून फीत उतरवीत गेलें म्हणजे चित्र गढूळ होई, तें तारांच्या व फितीच्या दोषानें होई. येथें दोष कोणत्याच यंत्राचा नाहीं. नकलेवरून नक्कल करण्याचाच तो गुणधर्म आहे. २०१० सालीं एका अमेरिकन संगीतकारानें स्वतःच्या भाषणाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढविणें, उतरवून घेणें व पुन्हां चढविणें असा क्रम एक हजार वेळां चालविला. शेवटीं माणसाचा चेहरा ओळखूं येईना व शब्दांच्या जागीं नुसता विचित्र ध्वनि उरला.

चित्राइतकाच चित्राभोंवतींचा मजकूरहि बदलतो, आणि तिकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. फोन व्हिडिओच्या फाइलींत घेतल्याची तारीख, वेळ, फोनचा प्रकार आणि परवानगी असल्यास स्थळाचे अक्षांश-रेखांशहि टिपून ठेवतो. फोन उभा होता कीं आडवा, ह्याचीहि तेथें टीप असते. ती कोणी वाचली नाहीं तर माणसें आडवीं पडलेलीं दिसतात. नवी नक्कल लिहितांना ह्यांतील पुष्कळ टिपणें गळतात. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओला नवें नांव मिळतें. त्यांतली तारीख निरोपाची असते. प्रसंगाची असेलच असें नाहीं. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ तीन वर्षांनीं पुन्हां कोणी धाडला, तर तो सोहळा तीन वर्षें उशिरानें झाला असें ती फाइल सांगते. स्थळाचें टिपण गळतें ह्याला मात्र दुसरी बाजू आहे. आपल्या घराचा पत्ता प्रत्येक व्हिडिओबरोबर परक्यांच्या हातीं पडावा, असें कोणालाच वाटणार नाहीं. तेव्हां ही गळती सर्वस्वीं वाईट नाहीं. पण ती होते हें ठाऊक असावें.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न नवा नव्हता. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरल्या जातांना तींत अपपाठ शिरले, म्हणून एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, तिचें शुद्धीकरण केलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर व त्यांच्या मागून आलेले पंडित ह्यांनीं महाभारताच्या शेंकडों पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. १९६६ सालीं मूळ संहितेचें तें काम पुरें झालें. हें शक्य झालें, कारण निरनिराळे लेखक निरनिराळ्या ठिकाणीं चुकतात. एकाची चूक दुसऱ्याच्या प्रतीवरून उघडी पडते. व्हिडिओच्या बाबतींत हा आधार फार दुबळा आहे. सर्व नकलाकार एकाच नियमानें वागतात आणि सर्वजण आधीं बारकावाच टाकतात. कुटुंबांतील वीस जणांच्या फोनवर तोच व्हिडिओ असला, तरी ती एकाच नकलेचीं वीस प्रतिबिंबें असतात. अस्सल एकदां पुसलें, तर वीस प्रती जमवूनहि केसाचा पोत किंवा पाटीवरचें पुसट अक्षर परत मिळत नाहीं.

ह्यांत नुसता हौसेचा प्रश्न नाहीं. तो न्यायाचाहि आहे, आणि त्याची एक प्रसिद्ध कथा महाराष्ट्रांतलीच आहे. २०१४ सालच्या विधानसभेच्या निवडणुकींत जालना मतदारसंघांत उमेदवारी अर्ज दुपारीं तीनच्या आंत दाखल झाला कीं नंतर, असा वाद पडला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींत कॅमेरे चालू होते. त्यांतील चित्रण व्हीसीडींवर उतरवून न्यायालयापुढें आलें. पण कायद्याला हवें असलेलें प्रमाणपत्र, मागूनहि अधिकाऱ्यांकडून मिळालें नव्हतें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १४ जुलै २०२० रोजीं त्या न्यायालयानें सांगितलें कीं, ज्या यंत्रावर मूळ नोंद झाली तें यंत्रच मालकानें साक्षीला उभें राहून हजर केलें, तर प्रमाणपत्र नको; नक्कल हजर केली तर प्रमाणपत्र हवेंच. सर्व प्रयत्न करूनहि तें मिळालें नाहीं, तर मात्र ह्या अटींतून सूट मिळूं शकते. अस्सल-नक्कलेचा जुना विवेक नव्या भाषेंत न्यायालयानें पुन्हां मांडला तो असा.

१ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानें आणखी एक पाऊल पुढें टाकलें. प्रमाणपत्रांत फाइलीचें ‘हॅश’ लिहावें, असा त्यांत नमुना दिला आहे. हॅश म्हणजे सबंध फाइलीवरून गणितानें काढलेली एक आंखूड खूणगांठ. फाइलींत एक कण जरी बदलला तरी ती खूण सारीच पालटते. फोनमधील अस्सलाची एक खूण, व्हॉट्सॲपवरून आलेल्या त्याच व्हिडिओची दुसरी. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात. गणिताला ते दोन परके जीव आहेत. अपघात, मारहाण वा लांचलुचपत ह्यांचा व्हिडिओ ज्यानें स्वतः घेतला, त्यानें तो दहा जणांना धाडून अस्सल पुसून टाकलें, तर पुढें फिर्यादीच्या वेळीं आपल्याच हातानें आपला मुख्य साक्षीदार घालविल्यासारखें होतें.

मग काय करावें? सेवा वापरूं नयेत असें मी म्हणणार नाहीं. सारांशाची ही विद्या नसती, तर परदेशीं असलेल्या नातवाचें पहिलें पाऊल आजीला कधींच दिसलें नसतें. तिचे उपकार मोठे आहेत. नक्कल धाडण्यासाठीं आहे, पाहण्यासाठीं आहे. जतन करण्यासाठीं अस्सल आहे, एवढा भेद पाळला म्हणजे पुरे. धाडल्याबरोबर मूळ पुसूं नये. महत्त्वाचा व्हिडिओ तारेनें संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर उतरवावा, आणि दोन ठिकाणीं ठेवावा. अस्सलच धाडावयाचें असेल, तर व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. २०२२ पासून तेथें दोन गिगाबाइटांपर्यंतची फाइल चालते व तिचा सारांश केला जात नाहीं. मात्र तेव्हां स्थळाचें टिपणहि बरोबर जातें, हें विसरूं नये. आणि एका साध्या वहींत प्रसंग, स्थळ, तारीख व माणसांचीं नांवें लिहून ठेवावीं. यंत्राचीं टिपणें गळतात. शाईचीं तितक्या सहज गळत नाहींत.

इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला. त्यापुढें अस्सल कागदांच्या शोधांत ते गांवोगांव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर धुळींत पडलेलीं रुमालांचीं गाठोडीं त्यांनीं सोडविलीं. ज्या घरांनीं तीं जपलीं होतीं, त्यांना त्यांचें मोल ठाऊक होतेंच असें नाहीं. जुनें आहे, असूं द्यावें, एवढ्याच बुद्धीनें बहुतेकांनीं तीं ठेविलीं. आपल्या काळाचीं गाठोडीं फोनच्या पोटांत आहेत आणि ‘जागा भरली’ अशी सूचना येतांच तीं सोडून पुसलीं जात आहेत. शंभर वर्षांनीं आपल्या बोलण्याचालण्याचा, सणावारांचा, रस्त्याबाजारांचा शोध कोणी घेऊं लागला, तर त्याच्या हातीं अस्सल पडावें कीं नकलेची नक्कल, ह्याचा निर्णय आज प्रत्येक घरांत, बोटाच्या एका टिचकीनें होत आहे. ती टिचकी मारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच श्रोत्यांना विनंति.